कानोसा

प्रक्षेपणाला एकवीस दिवस उरले असताना कानोशाचा पडदा पूर्ण हिरवा झाला आणि वृषाली वाघचौरे घाबरली.

ती व्योमसेतू संस्थेत जोखीम विभागाची प्रमुख होती. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागा संपून माळ सुरू होतो तिथे संस्थेचं यानजुळणी केंद्र होतं. गेली अकरा वर्षं त्या केंद्रात वृषालीचं काम एकच होतं, काय काय बिघडू शकतं याची यादी ठेवणं. यादीतल्या प्रत्येक जोखमीपुढे दोन आकडे असत. हे घडण्याची शक्यता किती, आणि घडलंच तर नुकसान किती. दोन्ही एक ते पाचच्या मापात. दोघांचा गुणाकार पंधराच्या वर गेला की ओळ लाल, आणि ओळ लाल असेपर्यंत यान जागचं हलायचं नाही.

या पद्धतीत एक जुनी खोट होती. आकडे माणसं भरत. अवकाशातल्या जुन्या अपघातांच्या चौकशांमधून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली होती. खालच्या फळीतल्या कुणाला तरी आधीपासून धाकधूक असते. तो ती बोलतोही. पण पायरीपायरीने वर जाताना शब्द मवाळ होत जातात. ‘मला भीती वाटते’चं ‘थोडी शंका आहे’ होतं, शंकेचं ‘निरीक्षण चालू आहे’ होतं, आणि सगळ्यात वरच्या टेबलावर ‘समाधानकारक’ एवढाच शब्द पोचतो.

त्यावर उपाय म्हणून चार वर्षांपूर्वी कानोसा आला. ही संगणक प्रणाली यानाकडे बघत नसे, माणसांकडे बघे. कुणी कोणती फाइल किती वेळा उघडली, एकच मोजमाप पुन्हा का घेतलं, ईमेल पाठवण्याआधी कोणतं वाक्य तीनदा खोडलं, एरवी बडबडणारा माणूस बैठकीत कोणत्या विषयावर गप्प बसला. काळजीत असलेला माणूस अशा खुणा सोडतोच. त्यांवरून कानोसा यानाच्या प्रत्येक भागासाठी दोन काळज्या मोजे, तोंडाने सांगितलेली आणि मनात ठेवलेली. दोन्हींमधल्या अंतराला केंद्रात ‘फट’ म्हणत. फट रुंदावली की तो भाग वृषालीच्या पडद्यावर लाल होई, आणि फक्त तिलाच त्यामागचं नाव उघडून पाहता येई. मात्र त्या माणसाशी तिने एक शब्द बोलायचा नाही, असा नियम होता. नाव थेट परीक्षण समितीकडे जाई. आपण कोणत्या खुणेवरून सापडलो हे एकदा कळलं की माणूस ती खूण पुढच्या वेळी पुसतो, म्हणून.

पहिल्या दोन वर्षांत कानोशाने अकरा खरे दोष उघडकीला आणले. त्यातला एक असा होता की तो राहिला असता तर यान मिनिटभरात फुटलं असतं. वृषालीचा त्या यंत्रावर जीव होता.

आणि आता सातशे माणसं काम करत असलेल्या केंद्रात, माणसं घेऊन जाणारं उड्डाण तीन आठवड्यांवर असताना, एकाही भागात फट नव्हती. संचालक डॉ. उत्तरा कामेरकरांनी सकाळच्या बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वृषाली हसली, आणि खोलीत परत येऊन दार लावून बसली. सातशे माणसं एकाच वेळी इतकी निर्धास्त असू शकत नाहीत, हे तिला कुठल्याही आकड्याशिवाय कळत होतं.

त्यात हे उड्डाण साधं नव्हतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ध्रुव स्थानकावर तीन माणसं अडकून पडली होती. त्यांच्या परतीच्या यानाला एका वाटाण्याएवढ्या दगडाने भोक पाडलं होतं. हवा शुद्ध ठेवून प्राणवायू पुरवणारी दोन यंत्रं होती, त्यातलं एक बंद पडलं होतं आणि दुसरं रडतखडत चालू होतं. ‘अरुंधती’ हे नवं यान दोघांना घेऊन वर जाणार होतं, वीस दिवस थांबून स्थानक रिकामं ठेवण्याजोगं करणार होतं आणि पाचही जणांना खाली आणणार होतं. कप्तान होती इचलकरंजीची शबनम मुजावर. दर शुक्रवारी ती वृषालीच्या खोलीत येऊन जोखमींची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत असे.

आधी वृषालीने कानोशाचीच तपासणी केली. यंत्र धड होतं. मग तिने, सहसा कुणी करत नाही ते केलं. निष्कर्ष बाजूला ठेवून ज्या कच्च्या नोंदींवरून ते काढले होते त्या उघडल्या आणि ओळीने वाचत बसली.

तिसऱ्या दिवशी तिला दिसायला लागलं. उष्णकवच विभागातली एक्केचाळीस माणसं रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी कामाला बसत आणि विभागातल्या सगळ्या दोनशे साठ फाइली एकापाठोपाठ एक उघडत. प्रत्येक फाइल सारखाच वेळ. त्यामुळे कोणती फाइल कुणी काळजीने उघडली हे कळायला वावच राहत नव्हता. त्यांच्या ईमेलमध्ये एकही शब्द खोडलेला नसे, म्हणजे ते आधी दुसरीकडे कुठेतरी लिहून मग उतरवत होते. बैठकीत प्रत्येक जण बरोबर दोनदा बोले. इतर विभागांमध्येही हीच सवय कमीअधिक शिरली होती, पण उष्णकवच विभागाइतकी सफाई कुणाकडे नव्हती.

उष्णकवच विभागाचा प्रमुख तुषार वाघचौरे होता. तिचा नवरा.

त्या संध्याकाळी जेवताना तिने त्याच्याकडे नव्याने पाहिलं. पूर्वी तुषार घरी आला की हात धुता धुताच कामाच्या तक्रारी सुरू करी. गेले चार महिने तो पाण्याच्या टाकीबद्दल बोले, मुलीच्या वसतिगृहाबद्दल बोले, भाजीत मीठ जास्त झालंय म्हणे. नवरा शेवटी काम ऑफिसात ठेवायला शिकला म्हणून तिला बरं वाटलं होतं. आता तो पोळीचा तुकडा मोडत असताना ती त्याची बोटं बघत होती, तो कुठे थांबतो ते बघत होती, आणि आपण हे काय करतोय याचीच तिला धास्ती वाटली. तिला विचारता येत होतं. समोरच तर बसला होता. पण विचारलं तर नियम मोडत होता, आणि खरं सांगायचं तर नियमापेक्षा उत्तराची भीती मोठी होती. एक दिवस गेला, मग दुसरा गेला. पडदा हिरवाच राहिला. असे आठ दिवस तिने घालवले, आणि त्या आठ दिवसांचा जाब पुढे तिने स्वतःलाच अनेकदा विचारला.

अकराव्या दिवशी, प्रक्षेपणाला दहा दिवस उरले असताना, ती उष्णकवचाच्या शेडमध्ये गेली. तिथे भास्कर बावीस्कर काम करत. जळगावकडचे, निवृत्तीला आलेले, विभागातले सगळ्यात जुने कारागीर. उष्णकवच म्हणजे यानाच्या बुडाला चिकटवलेले विटांसारखे ठोकळे. खाली येताना यानाभोवती सोळाशे अंशांची आग असते, आणि आतल्या माणसांच्या आणि त्या आगीच्या मध्ये एवढे ठोकळेच असतात. बावीस्कर लहानशा लाकडी हातोडीने एकेक ठोकळा ठोकून आवाज ऐकत. घट्ट बसलेला ठोकळा खणखणीत बोलतो, खाली पोकळी असली तर बद्द वाजतो. तीच तपासणी यंत्रानेही होई, पण बावीस्करांचा कान यंत्राच्या आधी बोले असं सगळे म्हणत.

तिने त्यांना बाहेर चहाला नेलं आणि सकाळच्या त्या फाइलींबद्दल विचारलं. त्यांनी लपवलं नाही. ते म्हणाले की ही रीत रश्मी शेवाळेपासून सुरू झाली. शेवाळे हवाईछत्री विभागातली तरुण अभियंता. दीड वर्षापूर्वी कानोशात तिच्या भागाची फट रुंद दिसली होती. समितीने तीन महिने चौकशी केली. दोष काहीच निघाला नाही, पोरीचा स्वभावच घोर लावून घेण्याचा होता. पण चौकशी संपल्यावर तिला ‘ताण नको’ म्हणून कागदपत्र विभागात बसवलं, आणि वर्षभराने ती नोकरी सोडून गेली. त्या चौकशीपासून माणसं काळजी करत नाहीत असं नाही, काळजी दिसू देत नाहीत, एवढंच.

वृषालीने विचारलं, यानात असं काही आहे का की ज्याची त्यांना स्वतःला भीती वाटते.

बावीस्करांनी कप खाली ठेवला. “मॅडम, ते साहेबांना विचारा,” ते म्हणाले. “माझ्या तोंडून नको. पण विचारा.”

त्यानंतरही तिने एक अख्खा दिवस घालवला. आठ दिवस उरले त्या सकाळी दोघं नेहमीसारखी एकाच गाडीतून केंद्राकडे निघाली. गाडी ती चालवत होती. बागांमध्ये तोडणी चालू होती, क्रेट भरलेले टेम्पो रस्त्याच्या कडेला उभे होते. तिने एका टेम्पोच्या मागे गाडी थांबवली आणि इंजीन बंद केलं.

“तुषार, कवचात काय आहे?”

तो समोर बघत राहिला. मग त्याने विचारलं, “हे तू विचारतेयस की तुझा विभाग?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण मला झोप लागत नाहीये.”

मग त्याने सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर तो थांबलाच नाही, जणू चार महिने तोंडात धरून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये सतरा नंबरच्या पट्ट्यावर ठोकळे चिकटवले जात होते. त्या कामाला हवा कोरडी लागते. हवेतला दमटपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मर्यादेबाहेर गेला तर सगळा थर खरवडून नव्याने करायचा, असा नियम होता. त्या दिवशी हवा कोरडी करणारं यंत्र बंद पडलं आणि अठ्ठावीस मिनिटांनी चालू झालं. नियम मोडला नाही. पण दमटपणा मोजणारं उपकरण दारापाशी होतं, आणि कोरडी हवा येते ती दाराकडूनच. पलीकडच्या भिंतीजवळचा दमटपणा आणखी किती वेळ राहिला हे कुणालाच माहीत नव्हतं. चिकटद्रव्यात ओल शिरली तर आत डोळ्याला न दिसणारे बुडबुडे राहतात. जमिनीवर ते काही करत नाहीत, ठोकळा ओढून निघत नाही. पण वर गेल्यावर दर दीड तासाला ऊन आणि सावली, शंभर अंश तापणं आणि उणे शंभरपर्यंत गारठणं. धातू जेवढा आकसतो तेवढा ठोकळा आकसत नाही. सगळा ताण त्या पातळ थरावर येतो, आणि दर फेरीला बुडबुडे एकमेकांना मिळत जातात. वीस दिवसांत अशा तीनशेवर फेऱ्या. त्यानंतर परतीची आग.

“त्याच दिवशी नमुन्याच्या तीन पट्ट्या केल्या होत्या,” तुषार म्हणाला. “एक दाराजवळ, एक मधे, एक भिंतीशी. कार्यपद्धतीत लिहिलंय की एक तपासायची. दाराजवळची तपासली. उत्तम निघाली. बाकीच्या दोन कपाटात आहेत. डिसेंबरात बावीस्करांनी भिंतीकडची ठोकून पाहिली. त्यांना आवाज आवडला नाही. यंत्राने मात्र पास केली.”

“मग दुसरी तपासणी का नाही मागितलीस?”

“मागितली असती तर नोंद झाली असती. फट दिसली असती. तू नाव उघडलं असतंस.” तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. “शेवाळेचं नाव तूच उघडलंस, वृषाली. घरी आल्यावर मला म्हणाली होतीस की आज कानोशाने छान काम केलं.”

टेम्पोवाल्याने त्यांना पुढे जायची खूण केली, तरी ती तशीच बसून राहिली.

तुषार म्हणाला की कदाचित काहीच नसेल. सगळे आकडे मर्यादेत आहेत. तिला यादीत घालायचंच असेल तर तिने स्वतःच्या विभागाची शंका म्हणून घालावं, त्याचं आणि बावीस्करांचं नाव नको. तिने मान हलवली. तिला तेव्हा खरंच वाटलं होतं की ते जमेल.

डॉ. कामेरकर कठोर बाई नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हिशेब मांडला तो त्यांनी भीतीनेच मांडला, हे वृषालीला दिसत होतं. पट्ट्यांची चाचणी नऊ दिवसांची, म्हणजे ही तारीख गेली. सूर्याच्या कोनामुळे पुढची सोयीची तारीख छत्तीस दिवसांनंतर. तेवढे दिवस वरची तीन माणसं एका कुरकुरणाऱ्या यंत्रावर जगणार. ती जोखीम स्थानकाच्या यादीत वीस गुणांवर लाल होती. आणि कवचाची जोखीम चार गुणांवर हिरवी.

“एका लाल ओळीच्या विरोधात मी काय ठेवू?” त्यांनी विचारलं. “कानोसा म्हणतो कुणालाही काळजी नाही. तुझ्याकडे कागद आहे का?”

“नाही, मॅडम.”

“मग काय आहे?”

वृषालीने सकाळच्या त्या मान हलवण्याचा विचार केला. नाव न घेता सांगायचं तर तिच्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरत नव्हतं.

“तुषार वाघचौरे घाबरलाय,” ती म्हणाली. “चार महिन्यांपासून. आणि त्याने ते कानोशापासून लपवलंय. सगळा विभाग लपवतोय.”

तुषारला बोलावून घेतलं. तो येईपर्यंतची सात मिनिटं वृषालीच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. तो नाही म्हणाला तर संपलं होतं. नाही म्हणायला त्याच्याकडे प्रत्येक कारण होतं, वीस वर्षांची नोकरी होती, आणि आकडेही त्याच्याच बाजूने होते. तो आत आला, त्याने दोघींकडे पाहिलं, आणि काय झालंय ते त्याला विचारावं लागलं नाही. डॉ. कामेरकरांनी सरळ प्रश्न केला. तुषारने आधी दार लावून घेतलं.

“हो,” तो म्हणाला. “मी स्वतः त्या यानात बसलो नसतो.”

चाचणी सुरू झाली. दोन्ही पट्ट्या एका बंद पेटीत ठेवून तापवायच्या आणि गोठवायच्या, चाळीस मिनिटांची एक फेरी. मधली पट्टी टिकली. भिंतीकडची पट्टी दोनशे अडतिसाव्या फेरीपर्यंत टिकली आणि सातव्या दिवशी दुपारी, कुणी हात न लावता, ठोकळा धातूपासून सुटून पेटीच्या तळाला पडला. शबनम मुजावर पेटीच्या काचेतून बघत होती. तिने दोन बोटं काचेवर टेकली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

तारीख गेली. सतरा नंबरचा पट्टा सगळा खरवडून नव्याने करायचं काम तुषारनेच अंगावर घेतलं. डॉ. कामेरकरांनी कानोसा बंद करवला. सातशे माणसांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि नाव न घालता, ज्याची भीती वाटते ते लिहायला सांगितलं. तीनशे बारा चिठ्ठ्या भरून आल्या. वृषालीने आणि तिच्या माणसांनी त्यातली एक न एक जागा जाऊन तपासली. दोन ठिकाणी खरोखर दोष निघाले.

पण हे सगळं बरोबर झालं असं म्हणण्याइतका वेळ तिला मिळाला नाही. नव्या तारखेला आठवडा उरला असताना ध्रुव स्थानकावरचं दुसरं यंत्रही थांबलं. तिघं एका खोलीत बंद झाले आणि प्राणवायू सोडणाऱ्या कांड्या जाळून दिवस काढू लागले. हवेत उच्छ्वासाचा वायू साचत होता. वृषाली रोज त्यांचं बोलणं ऐके. त्यातले डॉ. लोबो मूळचे वेंगुर्ल्याचे, मोठे बोलके. चौथ्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला. पाचव्या दिवशी ते आपल्या मुलीचं नाव विसरले. वृषाली कानावरचा फोन काढून स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ही तारीख मी पुढे ढकलली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. दोन्हीकडे माणसंच होती, आणि एका बाजूची भीती तिने दुसऱ्या बाजूच्या गळ्यात घातली होती.

घरी सांगावं असं कुणी नव्हतं. तुषार घरी येई, जेवे, झोपे. भांडण एकदाही झालं नाही. पण तो आता घरातही बैठकीतल्यासारखा मोजून बोले. एकदा सकाळी ती म्हणाली, की त्या दिवशी तुझं नाव घेतल्याशिवाय माझ्यापुढे मार्ग नव्हता.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “मीही तेच केलं असतं. पण गाडीत मी बायकोला सांगितलं होतं.”



ठरल्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरून अरुंधती उडाली. वरच्यांची अवस्था पाहून वीस दिवसांचं काम शबनमने सहा दिवसांत गुंडाळलं आणि पाचही जणांना घेऊन ती परत निघाली. आगीतून येताना यानाशी चार मिनिटं संपर्क तुटतो. नियंत्रण कक्षात वृषाली आणि तुषार शेजारी बसले होते, कारण खुर्च्या तशाच लावलेल्या होत्या. चार मिनिटं झाली. साडेचार झाली. तिने तुषारच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याने तो राहू दिला. चार मिनिटं पन्नास सेकंदांनी शबनमचा आवाज आला, छत्र्या उघडल्याचं तिने सांगितलं, आणि कक्षातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. डॉ. लोबोंना पुढे सगळं आठवलं, फक्त यान पोचण्याआधीचे ते आठ दिवस कायमचे गेले.

दोन आठवड्यांनी अरुंधती दिंडोरीला परत आली. शेडमध्ये तिला आडवं टांगून ठेवलं होतं. बुडाचे ठोकळे जळून काळे पडले होते, ते अपेक्षितच होतं. वृषाली, तुषार आणि शबनम तिघं मिळून पाहायला गेले. सतरा नंबरचा पट्टा सुरेख राहिला होता, एक ठोकळाही हलला नव्हता. शबनमने तुषारचा हात हातात घेऊन दाबला. त्याच्या चेहऱ्यावर वृषालीला कित्येक महिन्यांनी सैलपणा दिसला.

मग तो यानाला वळसा घालून पलीकडे गेला आणि तिकडून त्याचा काहीच आवाज येईना.

दोघी तिकडे गेल्या तेव्हा तो यानाच्या दाराच्या चौकटीखाली वाकून उभा होता. तिथे, पाच नंबरच्या पट्ट्यावर, तळहाताएवढा खड्डा पडला होता. ठोकळा नव्हताच. खालचा धातू वितळून ओघळला होता आणि पुन्हा गोठला होता. तुषारने खिशातून मापक काढलं. वृषालीने मापकाचं दुसरं टोक धरलं.

“किती?” शबनमने विचारलं.

“दोन मिलिमीटर धातू उरलाय.”

त्या जागेच्या पलीकडे, भिंतीच्या आतल्या अंगाला, परतीच्या प्रवासात डॉ. लोबोंचं आसन होतं. पाच नंबरचा पट्टा नोव्हेंबरात केला होता. हवा कोरडी, यंत्र चालू, आणि सतरा नंबरच्या प्रकारानंतर तपासल्या त्या तिन्ही पट्ट्याही पास. बावीस्करांनी प्रत्येक ठोकळा ठोकून खणखणीत म्हणून सोडला होता.

“हे कुणाच्या चिठ्ठीत होतं?” शबनमने विचारलं.

वृषालीने सगळ्या तीनशे बारा चिठ्ठ्या स्वतः वाचल्या होत्या. तिला आठवून पाहावं लागलं नाही.

“कुणाच्याच नाही,” ती म्हणाली.

तुषार अजून त्या खड्ड्याकडेच बघत होता. “सहा दिवसांत एवढं झालं,” तो हळूच म्हणाला. “ठरल्याप्रमाणे वीस दिवस राहिला असतात तर...” स्थानकावरचं दुसरं यंत्र बंद पडलं म्हणूनच शबनम लवकर परतली होती, हे तिघांनाही एकाच वेळी कळलं.

शबनमने खड्ड्यात हात घातला. तिचा तळवा त्यात नेमका बसला.

“पुढचं उड्डाण कधी आहे?”

“सप्टेंबरात,” वृषाली म्हणाली. “तुझंच नाव आहे.”

शबनमने हात काढून घेतला आणि तो ओढणीला पुसत राहिली.